चहाच्या मागे रांगेत

सुरतला यंत्रांच्या प्रदर्शनाला गेलेले शेठ परत आले ते एक नवा शब्द घेऊन. सोमवारी सकाळी सिल्वासाजवळ सामरवरणीच्या धाग्याच्या कारखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी सगळ्या विभागप्रमुखांना केबिनमध्ये बोलावलं आणि जाहीर केलं, "अपनी कंपनी अब इव्हेंट-ड्रिवन होगी. दिवाळीच्या आत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. शेठ काहीही बोलले तरी आधी मान डोलवायची आणि अर्थ नंतर शोधायचा, ही तिथली रीत होती. मॅनेजर मंगेश प्रधान यांनी तो शब्द डायरीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. मनुष्यबळ विभागाच्या मनीषा मॅडम त्याहून पुढे गेल्या. त्यांनी दुपारीच वापीच्या मंडपवाल्याला फोन केला आणि स्टेज, झेंडूच्या माळा, साउंड यांचे भाव विचारले. वर्षाला किती इव्हेंट होतील, असं त्यानं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ड्रिवन आहे, म्हणजे भरपूर असणार."

हा घोळ निस्तरला केतकीनं. कारखान्याचा आयटी विभाग म्हणजे केतकी एकटीच. तिचे वडील वसंत मास्तर मूळचे देवगडकडचे, सिल्वासात मराठी शाळेवर शिक्षक म्हणून आले आणि इथलेच झाले. केतकी कॉम्प्युटरची पदवी घेऊन कारखान्यात लागली, पण काम काय, तर प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढणं, कॅमेऱ्यांवरची कोळ्याची जाळी झाडायला सांगणं आणि हजेरीच्या यंत्राची काच पुसणं. कामगारांच्या बोटांना तेल असायचं, काच सारखी चिकट व्हायची.

तिनं प्रधानांना सांगितलं, "सर, इव्हेंट म्हणजे कार्यक्रम नाही. इव्हेंट म्हणजे घडलेली गोष्ट. गेटवर ट्रक आला, यंत्र थांबलं, माल भरला. गोष्ट घडली की तिचा निरोप आपोआप सुटतो आणि ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत पोचतो."

"मग हे तुला येतं?"

"नाही. पण शिकता येईल."

"छान. शिक आणि करून टाक," प्रधान म्हणाले. शर्टावरचा डाग काढून टाक म्हणावं, तसं.

केतकी शिकायला लागली. संध्याकाळी घरी आली की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ती क्लाउड कंपनीचा ऑनलाइन अभ्यासक्रम बघायची. त्यातलं सांगणं तिला भलतंच आवडलं. निरोप सोडणाऱ्यानं तो कोण ऐकतंय याची चौकशी करायची नाही. ज्याला हवा त्यानं त्या निरोपासाठी नाव नोंदवायचं. मध्ये क्लाउडवरची सेवा बसलेली असते, तिच्याकडे रांगा असतात. निरोप रांगेत थांबतो, घेणारा तो उचलतो, काम करतो आणि शेवटी 'झालं' असं कळवतो. मग निरोप पुसला जातो. त्यानं 'झालं' म्हटलंच नाही, तर काम राहिलं असं समजून तोच निरोप पुन्हा दिला जातो.

वसंत मास्तर भाजी निवडता निवडता ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे मुख्याध्यापकांचं परिपत्रक. सही होईपर्यंत शिपाई ते घेऊन वर्गात येतच राहतो."

"तसंच. फक्त शिपाई दमतो. हा दमत नाही."

पहिल्यांदा तिनं एका प्रोग्रॅममधून 'नमस्कार' सोडला आणि तो क्लाउडवरून फिरून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उमटला, तेव्हा तिनं खुर्चीतच टाळी वाजवली. मग ती जेवायला बसली. परत येऊन बघते तर पडदा वरपासून खालपर्यंत नमस्कारांनी भरलेला. ती 'झालं' कळवायला विसरली होती. ती खूप हसली आणि तेवढ्यात शिकली. कारखान्यात मात्र शिकण्याची पद्धत वेगळी होती. तिथं चूक करायची एकानं आणि शिकायचं दुसऱ्यानं.

तिला सुरुवात यंत्रांपासून करायची होती. कारखान्यात पॉलिस्टरचा धागा तापवून त्याला पीळ देतात. कधी धागा तुटून फिरत्या रुळाला गुंडाळला जातो, तिथला हीटर बेसुमार तापतो, धागा वितळून ठिबकायला लागतो आणि धूर येतो. अशा वेळी यंत्रावरचा माणूस मोठी घंटा बडवत दुरुस्तीवाल्यांना हाका मारायचा. समाधान हा त्या यंत्रांवरचा ऑपरेटर, शहाद्याकडचा. केतकीनं त्याला विचारलं, तेव्हा तो तिच्या कानाशी ओरडून म्हणाला, "ताई, इथं यंत्रांच्या आवाजात कोणाचं काही ऐकू येत नाही. घंटा वाजली तरी अर्ध्या लोकांना वाटतं जेवणाची सुट्टी झाली. तुम्ही काही करत असाल तर कराच."

केतकीनं हीटरच्या तापमानाचा निरोप सोडायची योजना आखली आणि प्रधानांपुढे मांडली. प्रधानांनी ती शांतपणे ऐकली.

"चांगलं आहे. पण हे शेठना दिसणार कुठे? ते काय यंत्रापाशी येऊन उभे राहणार आहेत? त्यांना दिसेल असं काहीतरी आधी कर. पाहुणे घे."

"पाहुणे?"

"पाहुणा गेटवर आला की निरोप. रिसेप्शनच्या बोर्डावर स्वागत, कँटीनला चहाची ऑर्डर, मला फोनवर सूचना. शेठ खूश."

अशा रीतीनं जगातल्या मोठमोठ्या बँका आणि विमान कंपन्या वापरतात ती व्यवस्था सामरवरणीत चहा सांगण्याच्या कामाला लागली. आणि ती चालली, हे केतकीनंही मान्य केलं असतं. गेटवर वॉचमननं पाहुण्याचं नाव टाकलं की कँटीनमधल्या पडद्यावर टुण्ण असा आवाज यायचा. कँटीन चालवणाऱ्या आक्काबाई धुळ्याकडच्या. पहिल्या दिवशी त्यांनी पडद्यावर फडकं टाकून ठेवलं होतं. पण आठवड्यात त्यांना तो आवडायला लागला. "बरंय बाई," त्या केतकीला म्हणाल्या, "आता कोणी जिन्यावरून बोंबलत तरी नाही. मुकाट्यानं सांगून राहिला."

शेठ खरोखर खूश झाले. कौतुकाचे शब्द केतकीच्या वाट्यालाही आले आणि तिला ते गोड लागले. त्या आनंदात तिनं यंत्रांच्या हीटरचे निरोपही जोडायची परवानगी मागून घेतली. प्रधानांनी ती दिली, पण अटी घालून.

पहिली अट, सगळे निरोप त्यांना आले पाहिजेत. दुसरी, त्यांना आधी आले पाहिजेत. केतकीनं समजावलं की निरोप सगळ्यांना एकदमच जातो, त्याला हुद्दा कळत नाही. प्रधानांना हे तंत्रज्ञानातलं मोठं न्यून वाटलं. तिसरी अट अशी, की त्यांच्या फोनवर 'पाहिलं' असं एक बटण हवं आणि त्यांनी ते दाबल्याशिवाय कुठलाही निरोप पूर्ण झाला असं धरायचं नाही. चौथी, सगळ्यांची रांग एकच हवी. आलेल्या क्रमानं. मध्ये घुसाघुशी नको.

"सर, एकच रांग केली की पुढचा निरोप अडकला तर मागचे सगळे अडकतात. यंत्राचा निरोप चहाच्या मागे थांबेल."

"कितीसा वेळ? मी लगेच दाबतो ना."

"आणि तुम्ही मीटिंगमध्ये असलात तर?"

"मग मीटिंग महत्त्वाचीच असणार."

केतकीला उत्तर सुचत होतं, पण तिनं ते दिलं नाही. महिनाभर कौतुक ऐकलं होतं, ते आणखी महिनाभर ऐकायला मिळालं असतं. तिनं एकच रांग केली. प्रधानांनी यंत्रांपाशी सूचना लावली, की यापुढे यंत्राबद्दलचा निरोप तिथल्या नव्या पडद्यावर येईल, कोणीही आरडाओरडा करू नये आणि निरोप आल्याशिवाय यंत्र थांबवू नये. घंटा काढून भंगारात टाकली. इव्हेंट-ड्रिवन कारखान्यात घंटा शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दिवाळीच्या आधी, यंत्रांच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये उद्घाटन ठरलं. मनीषा मॅडमना अखेर त्यांचं स्टेज मिळालं, झेंडूच्या माळाही मिळाल्या. इचलकरंजीहून कापडाचे मोठे व्यापारी आले. शेठ पहिल्या रांगेत बसले. प्रधानांनी नवा कोट घातला होता. त्यांनी फोन सायलेंट करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, घसा साफ केला आणि भाषणाला सुरुवात केली. केतकीचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला होता. मोठ्या पडद्यावर प्रधानांच्या स्लाइड दिसत होत्या आणि खालच्या पट्टीत येणारे निरोप, म्हणजे पाहुण्यांना सगळं घडताना बघता यावं.

पट्टीत दिसलं : पाहुणे आले, चहा. चहा आला. सगळ्यांनी घेतला, छान झाला होता.

प्रधान बोलत होते, "आज आमचा प्रत्येक विभाग सजग आहे..." आणि त्यांच्या खिशातला फोन मुकाट्यानं थरथरत होता. 'पाहिलं' कोणी दाबलं नाही. ठरलेला वेळ संपला. निरोप पूर्ण झाला नाही, असं रांगेनं धरलं आणि तो पुन्हा दिला. पट्टीत दिसलं : पाहुणे आले, चहा. कँटीनमध्ये टुण्ण झालं. चहा आला.

पाहुण्यांनी दुसरा कप आवडीनं घेतला, तिसरा भिडेखातर. चौथ्या फेरीला एका वयस्कर व्यापाऱ्यानं कप बशीत पालथा घातला आणि वर तळहात ठेवला. रिसेप्शनचा बोर्ड दर थोड्या वेळानं त्यांचं नव्यानं स्वागत करत होता. शेठ मागे वळून वळून बघत होते. ते रागावलेत की खूश आहेत, हे कोणालाच कळत नव्हतं, म्हणून चहा वाटणारे वाटतच राहिले.

केतकीला पहिल्या जादा फेरीलाच कळलं. निरोप हातानं पुसायला तिला लॅपटॉप हवा होता, पण त्यावर प्रधानांच्या स्लाइड चालल्या होत्या. तिनं बाजूनं हात हलवून प्रधानांना खूण केली, कानाशी अंगठा धरून फोन दाखवला, छातीवर थाप मारून खिसा दाखवला. प्रधानांना वाटलं, भाषण तिच्या काळजाला भिडलं. त्यांनी तिच्याकडे बघून किंचित मान झुकवली आणि आणखी एक मुद्दा वाढवला.

तेवढ्यात दार ढकलून आक्काबाई स्वतःच आत आल्या. हातात किटली, कपाळावर घाम. त्या केतकीजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, पण त्यांचा दबका आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. "बाई, दूध संपलं. हे माणसंच आहेत ना? का म्हशी बांधल्या हॉलमध्ये? तुमचा डबा थांबूच नाही राहिला."

मागे कोणी तरी खुदकन हसलं. केतकीही हसणार होती. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं. चहा अडकलाय. चहाच्या मागे रांगेत काय उभं आहे? ती उठली आणि पळत सुटली.

यंत्रांपाशी पोचली तेव्हा जळक्या प्लॅस्टिकचा वास घशात बसत होता. समाधानच्या रांगेतलं एक यंत्र बंद होतं आणि त्याच्या मधल्या भागातून पांढरट धूर निघत होता. समाधान नळाखाली हात धरून उभा होता. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी लाल झाली होती, मध्ये फोड आला होता. वितळलेला धागा पडला होता हातावर.

"निरोप आला का ताई?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग मी यंत्र बंद केलं ते चुकलंच म्हणा."

"समाधानभाऊ, दवाखान्यात चला आधी."

"थांबा. मला सांगू द्या." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "मला वास आला होता. सुरुवातीलाच आला होता. अन् मी पडद्याकडं पाहत उभा. लहान पोरासारखा. पडद्यावर काय? पाहुण्यांचा चहा. पुन्हा चहा. नाक सांगू राहिलं जळतंय, अन् मी पाहू राहिलो पडदा काय म्हणतो ते. पंधरा वर्षं यंत्रावर काढली मी. तुम्ही अन् तुमच्या साहेबानं मला असं उभं केलं."

केतकीनं त्याला दवाखान्यात पाठवायची व्यवस्था केली, स्वतः गाडीपर्यंत गेली.

इकडे हॉलमध्ये प्रधानांचं भाषण संपलं होतं. टाळ्या घेता घेता त्यांनी खिशातून फोन काढला आणि सवयीनं 'पाहिलं' दाबलं. रांग सुटली. मोठ्या पडद्यावरच्या पट्टीत लाल अक्षरं झळकली : हीटर तापला आहे, यंत्र तपासा.

"पाहा!" प्रधान ओरडले. "लाइव्ह! या क्षणी! काही घडायच्या आत आपल्याला कळलं!"

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. खाली यंत्र थंड होत आलं होतं.

इचलकरंजीचे व्यापारी जाताना शेठना म्हणाले, इतकी आवभगत आम्ही आजवर कुठे बघितली नाही. शेठ हात जोडून हसले. बाकी चहाचं काय झालं होतं ते त्यांनी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची त्या कारखान्यात पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी समाधानच्या नावे नोटीस निघाली. निरोप येण्याआधी त्यानं यंत्र थांबवलं होतं, त्याचा खुलासा मागवला होता. प्रधानांनी केतकीला केबिनमध्ये बोलावलं.

"तू फक्त एवढंच लिहून दे, की यंत्र आधी थांबलं आणि निरोप नंतर आला. हे खरंच आहे ना?"

"खरं आहे," केतकी म्हणाली.

"मग?"

"निरोप नंतर का आला, तेही लिहिते. तुम्ही चहा पाहिला नव्हता म्हणून."

प्रधानांनी चष्मा काढून पुसला. "केतकी, सिस्टीम तू बनवली आहेस. नाव तुझंच खराब होईल."

"होऊ दे."

ती तिथून थेट शेठकडे गेली. शेठसमोर उभी राहिल्यावर ती एकच गोष्ट बोलली. "शेठजी, तुमचे पाहुणे वर चहा पीत होते, तेव्हा त्यांच्या पायाखालच्या मजल्यावर यंत्र पेटायच्या बेतात होतं. समाधाननं थांबवलं नसतं तर तुम्ही सगळे वर होतात."

शेठनी बोटातली अंगठी फिरवली. मग म्हणाले, "ये बात किसको मालूम है?"

"सगळ्या कारखान्याला. तुम्हालाच नव्हती."

"इचलकरंजीवालों को?"

"नाही."

शेठचा जीव भांड्यात पडलेला तिनं बघितला. तिला वाटलं होतं ते समाधानच्या हाताबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, पण त्यानंतर. नोटीस मागे घेतली गेली, दवाखान्याचा खर्च कंपनीनं केला, आणि यंत्रांची रांग वेगळी करायला शेठनी लगेच होकार दिला.

"आणि प्रधान सरांचं बटण?" केतकीनं विचारलं. "त्यांनी दाबल्याशिवाय काही पुढे जात नाही, हे काढावं लागेल. ते ऐकणार नाहीत."

"उसको बटन चाहिए ना?" शेठ म्हणाले. "तो रहने दो बटन. उसका मन रखो. पीछे का वायर काट दो."

केतकीनं तसंच केलं. यंत्रांचे निरोप आता स्वतंत्र रांगेतून थेट ऑपरेटर आणि दुरुस्तीवाल्यांकडे जाऊ लागले. प्रधानांच्या फोनवरचं बटण तसंच राहिलं, दाबलं की हिरवं व्हायचं, आणि त्याच्या मागे काहीही नव्हतं. प्रधान ते दिवसभर दाबायचे. पंधरवड्यानं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की त्यांनी लक्ष घातल्यापासून सिस्टीमचा वेग वाढला आहे. वापीच्या उद्योजकांनी त्यांना व्याख्यानाला बोलावलं. तो कोट घालून ते गेले.

समाधान कामावर परतला तेव्हा त्याच्या हातावर पट्टी होती. केतकी त्याच्या यंत्रापाशी गेली आणि नवी रांग कशी चालते ते सांगू लागली. त्यानं मध्येच थांबवलं.

"सांगू नका. इथं उभ्या राहा."

"किती वेळ?"

"माझी शिफ्ट संपेपर्यंत. मी जसा उभा राहतो तशा. मग पाहू."

तिच्याकडे दुसरं पुष्कळ काम होतं. ते तिनं सांगितलं नाही. ती उभी राहिली. सकाळभर काहीच झालं नाही, फक्त गरम हवा अंगावर येत राहिली आणि आवाज हाडांपर्यंत शिरत गेला. जेवणानंतर एका रुळावर धागा तुटला. समाधानचं नाक आणि पडद्यावरचं लाल अक्षर जवळजवळ एकदमच जागं झालं, पण तो पडद्याकडे न बघता पुढे सरसावला आणि यंत्र थांबवलं. दुरुस्तीवाला मागोमाग धावत आला. त्याला निरोप मिळाला होता.

समाधाननं केतकीकडे बघितलं, मग पडद्याकडे. "ठीक आहे," एवढंच म्हणाला आणि तुटलेला धागा सोडवायला वाकला.

ती गेटबाहेर पडली तेव्हा तिच्या पोटऱ्या दुखत होत्या. वसंत मास्तरांचा फोन आला. ते काहीतरी विचारत होते, पण कानात अजून यंत्रांचीच घरघर चालली होती.

"बाबा, मोठ्यानं बोला," ती रस्त्यातच ओरडली. "मला काही ऐकू येत नाहीये."